गाडीचा मार्ग बदलला तर काय करायचं? रूळ आणि पुलांच्या कामांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुहेरीकरण, गर्डर (पुलाची तुळई) बदलणे, यार्डाची फेररचना असे काही जाहीर झाले की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. इथली उत्तरे भारतीय रेल्वेच्या नियमांना धरून आहेत आणि उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातल्या मार्गांची आहेत. परताव्याची घाई असेल तर सरळ प्रश्न ९ वर जा. तोवर मोबाईलवरचे ‘कॅन्सल’ बटण मात्र दाबू नका.

१. गाडी ‘डायव्हर्ट’ झाली म्हणजे रद्द झाली का?

नाही. डायव्हर्ट म्हणजे गाडी सुटणार आणि शेवटच्या स्थानकाला पोहोचणार, पण मधला काही टप्पा दुसऱ्या मार्गाने जाणार. त्या टप्प्यातली नेहमीची स्थानके सुटतात. रेल्वेच्या जाहीर पत्रकात याच्याबरोबर आणखी काही शब्द येतात आणि त्यांची गल्लत होते. ‘शॉर्ट टर्मिनेट’ म्हणजे गाडी अलीकडच्या स्थानकातच संपणार. ‘शॉर्ट ओरिजिनेट’ म्हणजे परतीची फेरी त्या अलीकडच्या स्थानकातूनच सुटणार. हे दोन्ही मिळून ‘अंशतः रद्द’. ‘रिशेड्यूल’ म्हणजे सुरुवातीच्या स्थानकातूनच उशिरा सोडणार. ‘रेग्युलेट’ म्हणजे वाटेत कुठेतरी थांबवून ठेवणार.

तिकिटाच्या दृष्टीने एकच गोष्ट बघायची: तुम्ही चढणार ते स्थानक आणि उतरणार ते स्थानक, ही दोन्ही बदललेल्या मार्गावर आहेत का? असतील तर तुमचा प्रश्न मुख्यतः वेळेचा आहे, पण वळशाने जायचेच नसेल तर प्रश्न ९ पाहा. एक जरी नसेल तर परताव्याचा हक्क तयार होतो.

२. पत्रकात १० तारीख आहे, माझे तिकीट ११ चे आहे. माझ्या गाडीला हे लागू आहे का?

बहुधा आहे, आणि सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. पत्रकातली तारीख ‘जेसीओ’ असते, म्हणजे गाडी तिच्या पहिल्या स्थानकातून ज्या दिवशी निघते ती. हावड्याहून १० तारखेला रात्री निघालेली गाडी नागपूरला ११ ला येते. तुमच्या तिकिटावर नागपूरहून ११ तारीख असली तरी पत्रकाच्या भाषेत ती १० चीच गाडी. लांबून येणाऱ्या गाडीत हा फरक दोन दिवसांचाही असू शकतो. वेळापत्रकात तुमच्या स्थानकासमोर ‘दिवस १, २, ३’ असा रकाना असतो. तो आकडा बघायचा, त्यातून एक वजा करायचा आणि तेवढे दिवस मागे जायचे.

मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांचा घोळ वेगळा. ००.२० ला सुटणारी रविवारची गाडी बोलीभाषेत ‘शनिवारी रात्रीची’ असते. रेल्वेच्या लेखी ती रविवारची.

आणि गाडीचा पाच आकडी क्रमांक जुळवा, नाव नव्हे. जाण्याच्या आणि येण्याच्या गाडीचे नाव एकच, क्रमांक वेगळे. बऱ्याचदा एकच बाजू वळवलेली असते.

३. ट्रॅफिक ब्लॉक, पॉवर ब्लॉक, मेगाब्लॉक, जम्बोब्लॉक यांत फरक काय?

ट्रॅफिक ब्लॉक म्हणजे ठरलेल्या वेळेत त्या रुळावर गाडी सोडायची नाही. पॉवर ब्लॉक म्हणजे वरच्या तारेतला २५,००० व्होल्टचा पुरवठा बंद. क्रेन उभी करायची किंवा गर्डर उचलायचा तर दोन्ही लागतात. मेगाब्लॉक हा मध्य रेल्वेच्या मुंबई विभागातला रविवारच्या देखभालीचा शब्द, तर पश्चिम रेल्वे त्यालाच जम्बोब्लॉक म्हणते. त्यात गाड्या क्वचितच दूरच्या मार्गाने जातात. बहुतेक लोकल शेजारच्या रुळावरून धावतात (प्रश्न १८ पाहा).

४. एक पूल दुरुस्त करायला सगळी वाहतूक का वळवावी लागते? बाजूचा रूळ मोकळा असतो ना?

पुलाचे काम जागेवर फार थोडे होते. नवा गर्डर बाजूला आधीच जोडून तयार असतो. ब्लॉकमध्ये करायचे ते असे: विद्युत पुरवठा तोडून तार भूबद्ध करायची, तार बाजूला घ्यायची, रूळ कापून स्लीपरसकट काढायचे, जुना गर्डर उचलायचा, खांबाच्या माथ्यावरचा बेअरिंगचा भाग साफ करून नवी बेअरिंग बसवायची, नवा गर्डर ठेवायचा, रूळ जोडायचे, खडी भरून पॅकिंग करायचे (म्हणजे ती स्लीपरखाली ठोकून घट्ट बसवायची), तार परत ओढून तिची उंची आणि रुळाच्या मध्यापासूनचे अंतर तपासायचे. यातली एकही पायरी अर्धी ठेवून गाडी सोडता येत नाही.

बाजूचा रूळ असतो, पण १४० टनी क्रेन बऱ्याचदा त्याच रुळावर उभी करावी लागते. भार उचललेली क्रेन आडवी वळते तेव्हा शेजारून गाडी नेण्याचा प्रश्नच येत नाही. रुळांवरून जाणारा रस्त्याचा पूल पाडताना तर खालचे सगळेच रूळ बंद होतात. मुंबईत मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, तेव्हा २७ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते भायखळा आणि वडाळा ही वाहतूक थांबली.

५. ‘नॉन-इंटरलॉकिंग’साठी (एनआय) आठ-दहा दिवस गाड्या का बिघडतात? तिथे तर कुणी खोदतानाही दिसत नाही.

खरे काम रिले रूममध्ये (सिग्नल यंत्रणेच्या खोलीत) आणि सांध्यांच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांच्या, मोटारींजवळ चालते. नवी मार्गिका किंवा फलाट जोडला की यार्डातला सिग्नल आणि सांधा यांचा परस्पर बंध नव्याने बांधावा लागतो. जुनी यंत्रणा सोडून नवी चालू होईपर्यंत तो बंध अस्तित्वातच नसतो. मग प्रत्येक सांधा माणसाने जाऊन फिरवायचा, क्लॅम्प लावून कुलूप घालायचे, चालकाला लेखी अधिकारपत्र किंवा हातसिग्नल द्यायचा. गाडी यार्डातून अगदी हळू जाते. नेहमी तासाला दहा गाड्या पेलणारे जंक्शन निम्म्याही पेलत नाही. म्हणून उरलेल्या गाड्या वळवतात किंवा रद्द करतात.

पत्रकातला ‘प्री-एनआय’ हा तयारीचा काळ असतो. त्यात मोजक्याच गाड्यांना फटका बसतो. खरी पडझड शेवटच्या ‘एनआय’च्या दिवसांत. तारीख बदलता येत असेल तर ते दिवस टाळा. मार्गिका नवीन असेल तर प्रवासी गाडी सोडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि वेगचाचणी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे काम संपल्याच्या बातमीनंतरही एक-दोन दिवस वाट बघावी लागू शकते.

६. गाडी कुठून वळवायची हे कसे ठरते? इतका लांबचा वळसा का घेतात?

नकाशावर जवळचा दिसणारा मार्ग चालेलच असे नाही. तिथे विद्युतीकरण हवे, नाहीतर डिझेल इंजिन शोधायचे. इंजिनाचा भार पेलणारे रूळ हवेत. त्या मार्गाची ओळख असलेला चालक हवा. नसेल तर मार्ग माहीत असलेला दुसरा चालक सोबत द्यावा लागतो. आणि मुख्य म्हणजे तिथे आधीच धावणाऱ्या गाड्यांमधून जागा हवी.

कसारा घाटात काम असले तर मुंबई–नागपूर गाड्यांना दोन वाटा उरतात. एक पुणे, दौंड, मनमाड अशी. हीत कल्याण आणि मनमाड मिळतात, पण इगतपुरी आणि नाशिक रोड सुटतात. दुसरी वसई रोड, उधना, जळगाव अशी. हीत नाशिकबरोबर मनमाडही सुटते. म्हणजे नाशिकच्या प्रवाशाला दोन्हींत फटका, मनमाडच्या प्रवाशाला एकीतच. म्हणून ‘मार्ग बदलला’ एवढ्यावर थांबू नका. ‘व्हाया’नंतर लिहिलेली स्थानके वाचा. खरे उत्तर तिथे असते.

पुण्याची वाट घेतली तरी सुटका नाही, कारण तिथे बोर घाट आहे. कसारा आणि बोर या दोन्ही घाटांचा चढ ३७ फुटांना १ फूट. वर चढताना कसारा किंवा कर्जतला मागे जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावावी लागतात. ती इंजिने मोजकीच. एका घाटाची वाहतूक दुसऱ्यावर आली की गाड्या बँकरसाठी रांगेत उभ्या राहतात. कल्याण–कर्जत टप्प्यात काम असेल तर पुण्याच्या गाड्या दिवा–पनवेल–कर्जत अशा जातात. त्यातला पनवेल–कर्जत हा जुना मार्ग एकेरी, त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत थांबणे आलेच.

पुणे–मिरज मार्गावर काम निघाले की काही गाड्या दौंड, कुर्डुवाडी, पंढरपूर अशा मिरजेला नेतात. मग सातारा आणि कराड सुटतात. सर्वांत मोठा वळसा कोकणाचा. पेडणे बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये ढासळली, तेव्हा गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढा अशा फिरवून मडगावला नेल्या. अख्खे कोकण सोडून दोन घाट ओलांडायचे. रत्नागिरीच्या प्रवाशाला अशा गाडीचा काही उपयोग नाही.

७. काही गाड्या वळवतात आणि काही सरळ रद्द का करतात? आणि काम संपल्यावरही माझी गाडी रद्द कशी?

पर्यायी मार्गाची क्षमता ठरलेली असते. तिथे सहा गाड्या मावत असतील तर लांब पल्ल्याच्या सहा निवडतात. इंटरसिटी किंवा पॅसेंजर वळवण्यात अर्थ नसतो, कारण तिचे प्रवासी मधल्या स्थानकांचेच असतात. म्हणून ती रद्द होते.

दुसऱ्या भागाचे उत्तर ‘रेक’ या शब्दात आहे. डब्यांचा एकच संच जाऊन येतो, डेपोत धुतला-तपासला जातो आणि पुढे कधी कधी वेगळ्याच नावाने तिसऱ्या शहराला निघतो. शुक्रवारी मुंबईहून गाडी गेलीच नाही तर रविवारी परत येणार काय? म्हणून पत्रकात ‘जोडगाडी’ दोन-तीन दिवसांनी रद्द दिसते. वळसा घेऊन सात-आठ तास उशिरा पोहोचलेल्या रेकचे परतीचे सुटणेही पुढे ढकलतात, कारण देखभालीच्या तासांत काटछाट करता येत नाही.

८. पर्यायी मार्गच नसेल तर?

मग वळवणे नाही, फक्त शॉर्ट टर्मिनेट. सर्वांत स्पष्ट उदाहरण पांबनचे. रामेश्वर बेटाला जोडणारा १९१४ चा रेल्वे पूल डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद झाला. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू होईपर्यंत गाड्या पुलाच्या अलीकडे, मंडपम किंवा रामनाथपुरमला संपत होत्या. पुढचा प्रवास रस्त्याने. अशा वेळी परताव्यासाठी प्रश्न १२ पाहा.

९. माझे स्थानक वगळले. पूर्ण पैसे मिळतील का?

मिळतील. खालीलपैकी काहीही असेल आणि तुम्ही प्रवास केला नसेल तर कपात होत नाही:

– बदललेल्या मार्गावर तुमचे चढण्याचे स्थानक नाही.
– उतरण्याचे स्थानक नाही.
– दोन्ही आहेत, पण वळशाच्या मार्गाने जायची तुमची इच्छा नाही.

तिसरा मुद्दा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. गाडी वळवली आहे हेच कारण पुरेसे आहे, तिला उशीर होईल हे सिद्ध करावे लागत नाही. गाडी वळवलेली नसून नुसती उशिरा असेल, तर मात्र चढण्याच्या स्थानकावर ३ तासांपेक्षा जास्त उशीर लागतो.

१०. पैसे परत मागायची नेमकी पद्धत काय? तिकीट कॅन्सल केले तर चालेल?

ई-तिकीट नेहमीच्या पद्धतीने कॅन्सल केले की यंत्रणा ते तुमच्या मर्जीचे रद्दीकरण समजते आणि नेहमीची कपात करते. वळवलेल्या गाडीसाठी ‘टीडीआर’, म्हणजे परतावा मागण्याचा अर्ज, भरायचा असतो.

आयआरसीटीसीच्या खात्यात लॉगिन करून ‘माय ट्रान्झॅक्शन्स’मध्ये ‘फाइल टीडीआर’ उघडा. पीएनआर निवडा, मग कारण, मग ज्या प्रवाशांनी प्रवास केला नाही त्यांच्या नावापुढे खूण करा. हा पर्याय चार्ट तयार झाल्यावर चालतो, म्हणून आठवडाभर आधी पत्रक आले तरी थांबावे लागते. कारण निवडताना तुमच्या परिस्थितीला नेमके जुळणारेच घ्या. यादीत ‘गाडी वळवली आणि प्रवास केला नाही’, ‘गाडी वळवली आणि चढण्याचे स्थानक वगळले’ आणि ‘गाडी वळवली आणि उतरण्याचे स्थानक वगळले’ अशी तीन वेगळी कारणे आहेत. सवयीने ‘गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा’ निवडले आणि गाडी तुमच्या स्थानकात आलीच नाही, तर नोंदीत उशीर सापडत नाही आणि दावा फेटाळला जातो.

मुदत: वळवण्याशी संबंधित तिन्ही कारणांसाठी, तुमच्या स्थानकावरून सुटण्याच्या मूळ वेळेपासून ७२ तास. ३ तासांच्या उशिराचा टीडीआर मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीच भरावा लागतो. या दोन मुदती एकमेकींत मिसळू देऊ नका.

गाडी पूर्ण रद्द झाली असेल तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात, टीडीआर नको. अंशतः रद्द गाडीला हे लागू नाही. तिथे टीडीआर भरावा लागतो.

११. तिकीट खिडकीवरून काढले आहे. ऑनलाइन टीडीआर भरता येईल का?

आयआरसीटीसीचा टीडीआर खिडकीच्या तिकिटासाठी नाही. मूळ तिकीट घेऊन आरक्षण खिडकीवर जा आणि ‘गाडी वळवल्यामुळे पूर्ण परतावा’ असे स्पष्ट सांगा. नाहीतर कारकून साधे रद्दीकरण टाकतो. हे काम गाडीच्या वेळेआधी उरकलेले बरे. गाडी पूर्ण रद्द असेल तर तीन दिवसांची मुभा असते.

१२. गाडी अर्ध्यावरच संपवली, किंवा माझे उतरण्याचे स्थानक वगळले आणि हे मला गाडीत बसल्यावर कळले. आता?

आधी तिकीट तपासनिसाला गाठा. रेल्वेने पुढे नेण्याची सोय केली आहे का, म्हणजे दुसरी गाडी किंवा बस, हे विचारा. सोय केली असेल आणि तुम्ही ती घेतली, तर परतावा नाही. सोय असूनही तुम्ही नाकारली, तर न केलेल्या टप्प्याचे भाडे मागता येते. ई-तिकीट असेल तर ‘गाडी गंतव्यस्थानाच्या अलीकडे संपली’ हे कारण निवडून, पोहोचण्याच्या मूळ वेळेपासून ७२ तासांत टीडीआर भरा.

वळशाच्या गाडीत बसलाच असाल तर आपल्या गावाला जोडणारी पुढची गाडी कुठे मिळेल ते बघून उतरा. केवळ अंतराने जवळचे स्थानक निवडू नका. नाशिकला जाणाऱ्याला पुणे–मनमाड वळशात मनमाडला उतरणे सोयीचे, कारण तिथून नाशिककडे गाड्या आणि बस दोन्ही आहेत.

१३. माझे स्थानक वगळले, पण मला जायचेच आहे. दुसऱ्या स्थानकातून त्याच तिकिटावर चढू का?

पत्रकात ‘अमुक स्थानकाच्या प्रवाशांसाठी तमुक ठिकाणी थांबा’ असे असेल तर चढा. पुणे मार्गाच्या गाड्या दिवा–पनवेल–कर्जतवरून जातात तेव्हा कल्याणच्या प्रवाशांसाठी असा थांबा बऱ्याचदा पनवेलला देतात.

ऑनलाइन चढण्याचे स्थानक बदलायला जाल तर हे नवे स्थानक यादीत दिसणारच नाही, कारण यादी मूळ मार्गाची असते. त्याची गरजही नाही. धोका वेगळा आहे. तपासनिसाच्या यंत्रात तुम्ही ‘आला नाही’ म्हणून नोंदले गेलात तर बर्थ आरएसीवाल्याला जाऊ शकतो. म्हणून गाडीत शिरल्या शिरल्या आधी त्याला भेटा, सामान नंतर लावा. आणि एकदा प्रवास केला की प्रश्न ९ मधला परतावा विसरा. ‘प्रवास केला’ अशी नोंद असताना भरलेला टीडीआर फेटाळला जातो.

१४. वळशाने अंतर वाढले. जास्त भाडे द्यावे लागेल का?

नाही. आणि वळशाचा मार्ग जवळचा निघाला तरी फरक परत मिळत नाही.

१५. तत्काळ तिकिटाला परतावा नसतो ना?

कन्फर्म तत्काळ तिकीट तुम्ही आपणहून रद्द केले तर नसतो. गाडी वळवली आणि तुम्हाला जायचे नसेल, किंवा तुमचे स्थानक वगळले असेल, तर भाडे आणि तत्काळ शुल्क दोन्ही परत मिळतात. एक मेख आहे. ३ तासांच्या उशिराच्या नियमात तत्काळसाठी उशीर मोजतात तो तिकिटावरच्या प्रवास सुरू होण्याच्या स्थानकावर, तुम्ही निवडलेल्या चढण्याच्या स्थानकावर नव्हे. तिकीट मुंबईपासून आणि चढणार कल्याणला, असे असेल तर मुंबईहून सुटताना ३ तास उशीर झालेला असावा लागतो.

१६. वळशामुळे पुढची गाडी चुकली. तिचे पैसे मिळतील का?

दोन्ही पीएनआर जोडलेले असतील तरच. ही सोय १ एप्रिल २०१९ पासून आहे. अटी: दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती तंतोतंत सारखी, पहिल्या तिकिटाचा प्रवास जिथे संपतो तिथूनच दुसऱ्याचा सुरू आणि जोडणी प्रवासापूर्वीच केलेली. पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून ३ तासांच्या आत दुसऱ्या तिकिटाचा दावा करा. ‘रमेश’ आणि ‘आर.’ असा नावातला किरकोळ फरकही जोडणी अडवतो.

१७. ॲप गाडी नाशिकला दाखवते आणि गाडी तर पुण्याकडून चालली आहे. कशावर विश्वास ठेवायचा? आणि गाडीत बसल्यावर काय काय बदलते?

वळवलेल्या आणि रद्द गाड्यांची अधिकृत यादी रेल्वेच्या ‘एनटीईएस’ या गाडी-चौकशी यंत्रणेवर असते, दूरध्वनीवर १३९. खासगी ॲप मूळ वेळापत्रक धरून अंदाज बांधतात आणि मार्ग सुटला की गोंधळतात. एनटीईएसवरही अपेक्षित वेळ जरा हात राखूनच घ्या. वळवलेल्या गाडीला नव्या मार्गावर ठरलेली वेळ नसते. त्या मार्गाच्या स्वतःच्या गाड्या आधी, पाहुणी नंतर. दोन तासांचा उशीर पुढच्या एकाच जंक्शनात चार होऊ शकतो.

वळशात एखाद्या जंक्शनला इंजिन काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावावे लागले तर डब्यांचा क्रम उलटतो. मनमाडकडून पुण्याला जाताना दौंडला पूर्वी हे हमखास व्हायचे. आता दौंड कॉर्ड लाइनवरून (इंजिन न फिरवता जाता येणाऱ्या जोडमार्गावरून) सरळ जाता येते, पण प्रत्येक गाडी तिथूनच जाते असे नाही. पुढच्या स्थानकावर कुणी न्यायला येणार असेल तर डब्याची जागा पुन्हा विचारून सांगा.

गाडी अनोळखी ठिकाणी थांबली तर तो बहुधा चालक बदलण्याचा किंवा क्रॉसिंगचा थांबा असतो. उद्घोषणा होत नाही, गाडी कधीही निघते, बऱ्याचदा फलाटही नसतो. उतरू नका. वगळलेल्या स्थानकावर मागवलेले जेवण येणार नाही हे उघड आहे. ती ऑर्डर आधीच रद्द करा. आणि पाणी जास्तीचे ठेवा.

१८. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये माझ्या स्थानकावर लोकल थांबेल का?

त्या स्थानकाला जलद मार्गावर फलाट आहे का, एवढाच प्रश्न. माटुंगा–मुलुंड दरम्यान धीमा मार्ग बंद असला की धीम्या लोकल जलद मार्गावरून जातात. शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड मिळतात. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर सुटतात. पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझ–गोरेगाव ब्लॉकमध्ये राम मंदिरला गाडी थांबत नाही, कारण जलद मार्गावर तिथे फलाटच नाही. विलेपार्ल्याचा फलाट अपुरा पडतो, म्हणून लोकल दोनदा थांबते: आधी पुढच्या डब्यांसाठी, मग थोडे सरकून मागच्यांसाठी. मागच्या डब्यात असाल तर पहिल्या थांब्याला घाई करू नका.

सुटलेल्या स्थानकाला जायचे तर पुढच्या स्थानकापर्यंत जाऊन उलट दिशेची लोकल घ्या, ती बाजू बंद नसेल तर. हार्बरवर ब्लॉक असताना त्या मार्गाच्या तिकीट-पासवर ठाणे–वाशी मार्गे किंवा मुख्य मार्गाने जायची परवानगी देतात. तिच्या वेळा, बहुधा सकाळी १० ते संध्याकाळी ६, त्या दिवशीच्या पत्रकात असतात.

काही ब्लॉक मात्र या चौकटीत बसत नाहीत. मे २०२४ च्या अखेरीस ठाण्याला ५ आणि ६ क्रमांकाच्या फलाटांच्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा ब्लॉक होता, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला ३६ तासांचा. अशा वेळी रविवारचे ठोकताळे बाजूला ठेवायचे.

१९. ब्लॉक वेळेत संपला म्हणाले, तरी गाड्या दोन आठवडे रखडत का धावतात?

नवी किंवा चाळलेली खडी सैल असते. तिच्यात स्लीपर घट्ट बसेपर्यंत रूळ आडवा सरकू शकतो, विशेषतः उन्हाने लोखंड प्रसरण पावते तेव्हा. म्हणून पहिल्या गाड्या अगदी हळू सोडतात, मग पॅकिंग यंत्र फिरवतात, वेग थोडा वाढवतात, पुन्हा यंत्र फिरवतात. या तात्पुरत्या मर्यादा चालकाला ‘टी/४०९’ या कॉशन ऑर्डरवर लेखी मिळतात. किलोमीटरभराची मर्यादा असली तरी लांबलचक गाडीला आधी वेग कमी करायचा, शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत तसेच जायचे, मग वेग पकडायचा. अशा तीन-चार मर्यादा लागोपाठ आल्या की अर्धा तास गेलाच.

२०. आणि ब्लॉकच लांबला तर?

रेल्वेतले लोक त्याला ‘ब्लॉक बर्स्ट’ म्हणतात. कारणे ठरलेली: गर्डर बेअरिंगवर नीट न बसणे, सांधा फिरूनही लॉक न होणे, तारेचे अंतर चुकणे, आणि खडी साफ करणारे यंत्र मधल्या टप्प्यातच बंद पडणे. हे शेवटचे सर्वांत वाईट, कारण यंत्र ओढून काढेपर्यंत रूळ उघडाच पडतो. ब्लॉक संपण्याच्या वेळेनंतर लगेच सुटणारी पहिली गाडी म्हणूनच बेभरवशाची. परीक्षा, मुलाखत, विमान असे काही गाठायचे असेल तर तिच्यावर विसंबू नका, त्याआधीच्या दिवसाचे तिकीट काढा. ऐनवेळी अशी गाडी वळवली तरी प्रश्न ९ आणि १० मधले हक्क तसेच राहतात.